मुंबई लेकरांना दाखवायची, पण कुटुंबानं उतरायचं कुठं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आमच्या परभणीत निम्म्या घरांत एकच विषय असतो, लेकरांना एकदा मुंबई दाखवून आणू. समुद्र, गेटवे, राणीची बाग, दुमजली बस, आणि आता ती जमिनीखालची मेट्रो. गाडीचं जमतं हो, देवगिरी एक्स्प्रेसचं रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं त्या सकाळी मोबाईल धरून बसलं की स्लीपर मिळून जातं. खाण्याचंही जमतं, वडापाव खाऊन दिवस काढता येतो. सगळं अडतं ते राहण्यापाशी. नवराबायको, दोन लेकरं आणि सासूबाई असं साधं पाच माणसांचं कुटुंब सुट्टीच्या दिवसांत मुंबईत दोन रात्री कुठं झोपणार, या प्रश्नाला आज धड उत्तर नाही आणि त्यावर कुणी बोलतही नाही, म्हणून हे पत्र लिहितेय. जमलं तर छापा.

स्टेशनजवळच्या साध्या लॉजच्या काउंटरवर काय होतं ते सांगते. पहिला प्रश्न, किती माणसं? पाच म्हटलं की समोरचा माणूस रजिस्टरमधून मान वर न करता म्हणतो, मग दोन रूम घ्याव्या लागतील, एका रूममध्ये तीनच अलाऊड. म्हटलं दोन लेकरं आहेत, खाली गादी टाकून झोपतील. तर गादीचे वेगळे, पाच वर्षांवरचं लेकरू फुल माणूस, गरम पाणी सकाळी सात ते नऊच आणि चेक इन बारा वाजता. इकडं देवगिरी सकाळी सातच्या सुमाराला सीएसएमटीला पोचते. म्हणजे रात्रभर गाडीत बसून आलेली म्हातारी माणसं आणि पेंगणारी लेकरं घेऊन बारा वाजेपर्यंत वेटिंग हॉलमध्ये बसा, नाहीतर अर्ली चेक इनचे अजून पैसे भरा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत, आणि स्वस्तातली खोली नेहमी तिसऱ्या मजल्यावर, बिगर लिफ्टची. एरवी जी खोली दीड-पावणेदोन हजाराला मिळते तिचे दिवाळीच्या आठवड्यात साडेतीन-चार सांगतात, आणि दोन खोल्या म्हटल्यावर एका रात्रीचा हिशोब कुठं जातो ते तुम्हीच बघा. पूर्ण प्रवासाचं तिकीट त्याच्यापुढं काहीच नाही.

कराचंही तसंच. हजार रुपयांच्या आतल्या खोलीला पूर्वी जीएसटी नव्हता, जुलै २०२२ पासून १२ टक्के लागला, आता सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के झालाय. चांगलं झालं, पण काउंटरवर सांगितलेला रेट टॅक्स धरून आहे की सोडून हे बिल हातात येईपर्यंत आमच्यासारख्याला कळत नाही. पेट्रोल पंपावर भाव लावतात, रेशन दुकानात फळा लावतात, मग लॉजच्या दारात खोलीचा रेट, जास्तीच्या गादीचे पैसे, कर आणि चेक आउटची वेळ एवढ्या चार ओळी मराठीत लावायला काय हरकत आहे? सुट्टीत रेट वाढवा, धंदा आहे, ते मला समजतं. पण वाढवलेला रेट दारावर लिहा, म्हणजे पाच जणांनी सामान घेऊन तीन मजले चढून परत उतरायची वेळ येणार नाही.

आता कुणी म्हणेल पाहुण्यांकडे उतरा. आमच्या वडिलांच्या पिढीत तसंच होतं, लालबाग-परळच्या चाळीत गावाकडचा एक तरी माणूस असायचा आणि दहा बाय बाराच्या खोलीत अजून चार माणसं मावायची. गिरण्या बंद झाल्या, ते लोक दिवा, बदलापूर, नालासोपारा, विरारकडे गेले, तिथं वन आरकेमध्ये त्यांचंच त्यांना पुरत नाही आणि दोघं नवराबायको पहाटे पाच-साडेपाचला घराबाहेर पडतात. त्यांच्यावर पाच माणसांचा भार टाकवत नाही, ते कधी नाही म्हणणार नाहीत म्हणून तर अजूनच टाकवत नाही. दुसरा मार्ग आमदार निवासाचा. ओळख असली, पत्र मिळालं तर सोय होते, पण त्यातली मनोरा ही इमारत पाडून कितीतरी वर्षं झाली, आणि ज्याची ओळखच नाही त्यानं काय करायचं?

रेल्वेच्या रिटायरिंग रूम चांगल्या आहेत, हे मनापासून सांगते. पीएनआर असला की ऑनलाइन बुक होतात, रेट वाजवी, गाडीतून उतरलं की वर जाऊन अंघोळ. पण खोल्या किती थोड्या, सुट्टीत कधी बघावं तर फुल, आणि मिळाली तरी ४८ तासांच्या वर नाही. मुंबई सेंट्रलला २०२१ मध्ये पॉड, म्हणजे एका माणसाला झोपण्यापुरते छोटे कप्पे, सुरू झाले, एकट्या माणसाला रात्र काढायला उत्तम, पण आजी आणि लेकरं घेऊन गेलेल्या बाईला त्याचा उपयोग नाही. एकट्यासाठी डॉर्मिटरी आहे, पॉड आहे, पैसेवाल्यासाठी समुद्रासमोर हॉटेलं आहेत, फक्त कुटुंबासाठी मधलं काही नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या लोकांनीही ध्यानात घ्यायला पाहिजे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे ती टाटा हॉस्पिटलच्या कॅन्सर पेशंटसाठी आहे, फिरायला येणाऱ्यांसाठी नाही. स्वस्त आहे म्हणून तिथं ओळखी लावून जागा मागणं बरोबर नाही. परळच्या फुटपाथवर प्लास्टिक अंथरून बसलेली माणसं मी बघितलीत, केमोच्या दोन तारखांमध्ये गावी जाऊन परत येणं परवडत नाही म्हणून तिथंच राहतात. त्यातले जे थोडंफार भाडं देऊ शकतात ते त्याच भागातल्या साध्या लॉजवर खोली बघतात आणि सुट्टीत रेट चढले की त्यांनाही तेवढेच पैसे पडतात. म्हणजे फिरायला आलेल्यांची सोय वेगळी झाली तर पेशंटच्या नातेवाइकांनाही मोकळं होईल, हे कुणी लक्षातच घेत नाही.

आणि फसवणूक. आमच्या गल्लीतल्या एका कुटुंबानं नेटवर फोटो बघून नंबर फिरवला, समोरच्यानं गोड बोलून निम्मे पैसे यूपीआयनं मागवले, पावतीसुद्धा पाठवली. सामान घेऊन पत्त्यावर गेले तर तिथं लॉजच नाही, खाली गॅरेज आणि वर गोडाऊन. लेकरं रडायला लागली, शेवटी रात्रीच्याच गाडीनं उभ्यानं परत आले. असं झालं तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथं लिहिते. अनोळखी नंबरला आगाऊ पैसे पाठवू नका, आधी लॉजच्या लँडलाइनवर बोला, नाहीतर मुंबईतल्या ओळखीच्या माणसाला एकदा बघून यायला सांगा.

यावर सध्या तरी चालणारा एक मार्ग आहे, तो म्हणजे मुंबईत उतरायचंच नाही. देवगिरी कल्याणला थांबते, ठाण्याला थांबते. कल्याणला, नाहीतर पनवेलला खोली घेतली की मुंबईच्या मानानं बरीच स्वस्त पडते, खोली मोठी असते आणि घरगुती जेवणाची खाणावळ जवळ सापडते. फक्त वेळ सांभाळायला पाहिजे. सकाळी आठ-नऊला कल्याणहून मुंबईकडं जाणाऱ्या लोकलमध्ये लेकरं आणि म्हातारी माणसं घेऊन चढू नये, जिवावरचं काम आहे, अकरानंतर निघावं आणि संध्याकाळी एकतर पाचच्या आत नाहीतर नऊनंतर परतावं. रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल कधी बंद आहेत ते, बघून निघावं. उपनगरी रेल्वेचं एक, तीन आणि पाच दिवसांचं टुरिस्ट तिकीट असतं, बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं, ते काढलं की दर वेळी खिडकीवरची रांग वाचते. राणीची बाग बुधवारी बंद, घारापुरी आणि बोरिवलीचं नॅशनल पार्क सोमवारी बंद, हेही आधी बघावं, नाहीतर लांबून येऊन गेटवरून परत.

पण सकाळी तीन-चार तास असेच जातात आणि लेकरं रात्री दहाला लोकलमध्ये झोपतात, ही काही सोय झाली नाही. राणीच्या बागेचंच उदाहरण घ्या. महापालिकेनं तिथं आईवडील आणि दोन लेकरं मिळून शंभर रुपयांत आत सोडायची सोय केलीय. म्हणजे कुटुंब म्हणून विचार करायला येतो. बाग बघायला शंभर रुपये आणि त्या रात्री झोपायला सात-आठ हजार, हे कुणाला खटकत कसं नाही?

शेगाव बघा. गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासात आम्ही कितीदा राहिलोय. रांगेत उभं राहायचं, आधार दाखवायचं, माफक पैसे भरायचे, खोली स्वच्छ, पाणी चोवीस तास, सेवाधारी हात जोडून बोलतात. ना ओळख लागते ना चिठ्ठी. गाडगे बाबांनी तर अंगावर फाटकं नेसून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहूला धर्मशाळा उभ्या केल्या. देवाला जाणाऱ्या गरीब माणसाची सोय आपल्या महाराष्ट्रात झाली, राजधानी बघायला जाणाऱ्याची मात्र नाही.

नवी बिल्डिंग बांधा असंही मी म्हणत नाही, त्याला वर्षं जातील. दिवाळीत आणि मे महिन्यात ठाणे, कल्याण, पनवेलच्या महापालिका शाळा रिकाम्या असतात, मे महिन्यात कॉलेजची कितीतरी हॉस्टेलं रिकामी पडतात. माझे मिस्टर शिक्षक आहेत, मुलांना यूथ हॉस्टेलच्या कॅम्पला नेतात, त्यांच्याकडून ऐकलं की ती चळवळच एका जर्मन शिक्षकाला, रिचर्ड शिरमानला, १९०९ मध्ये सुचली, सुट्टीत शाळा रिकाम्या असतात तर सहलीची मुलं तिथं का झोपू नयेत म्हणून. आणि लांब कशाला जायचं, डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाचा पाऊस झाला तेव्हा चैत्यभूमीवर आलेल्या लोकांसाठी मुंबई महापालिकेनं शाळा उघडून दिल्याच होत्या. तेही एका दिवसात, भर पावसात. मग ठरवून, तयारीनं, भाडं घेऊन का नाही करता येणार? हॉस्टेलच्या खोल्यांत तर कॉट, बाथरूम सगळं तयारच असतं. शाळेच्या पोरांचं सामान एका खोलीत कुलपात टाकायचं, स्वच्छता आणि जेवणाचं काम तिथल्या महिला बचत गटांना द्यायचं, रात्री वॉचमन आणि एक महिला कर्मचारी ठेवायची. पर्यटन खात्याची निवास व न्याहारी योजना आहे, २०२३ चं 'आई' धोरण आहे ज्यात महिलांना पर्यटन व्यवसायाच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळतो. कोकणात बायका घरच्या दोन खोल्या देऊन संसार चालवतात, तेच कल्याण, बदलापूर, पनवेलला का होऊ नये? सोसायट्या आडव्या येतात म्हणतात, तर त्यासाठी नियम स्पष्ट करा.

आमच्या भागातल्या आमदारांनी हा विषय अधिवेशनात मांडावा अशी विनंती आहे. ठाणे, कल्याण आणि पनवेल अशा तीन ठिकाणी जरी येत्या मे महिन्यात शंभर-शंभर कुटुंबांची सोय झाली तरी खूप झालं. पाच माणसांना एक खोली, एकच रेट, म्हातारी माणसं असतील तर तळमजला, आणि सकाळच्या गाडीनं येणाऱ्याला सातला दार उघडं. बुकिंग रेल्वेच्या रिझर्वेशनसारखं ६० दिवस आधी सरकारी साइटवरून सुरू करा, म्हणजे आम्ही गाडीचं आणि राहण्याचं एकाच दिवशी काढू शकू. मे महिन्यासाठी या सोयीची जाहीर सूचना मार्चच्या सुरुवातीला तरी निघायला हवी.

आपली,
एक वाचक, परभणी