कॉम्प्युटर गार करायचा पाण्याचा टॉवर, दादासाठी सविस्तर

दादा,

फोनवर हे नीट सांगता येत नाही, मध्येच आवाज जातो आणि मग अर्धवट ऐकून तू सामान आणायला निघशील, म्हणून लिहायलाच बसलो. तुझा कॉम्प्युटर दुपारी रेंडरसारख्या जड कामाला लावला की तापतो आणि स्पीड पाडतो, तसाच माझाही व्हायचा. आता पाण्याचा टॉवर लावल्यापासून सीपीयू (प्रोसेसर) फुल लोडवर असतानासुद्धा साठीच्या घरात राहतो, आधी नव्वदीला टेकायचा. पण हे सगळीकडे असंच होईल असं नाही, का ते पुढे येतंच.

आधी मूळ गोष्ट. बाजारात मिळतं त्या वॉटर कूलिंगमध्ये रेडिएटर असतो, तो पाण्यातली उष्णता हवेला देतो, त्यामुळे खोलीत ३२ डिग्री असेल तर पाणी ३२ च्या खाली जाणारच नाही, कितीही मोठा रेडिएटर लाव आणि कितीही फॅन लाव. मी पाणी उघड्या हवेत सोडतो. त्यातलं थोडं उडून जातं आणि जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं, ओल्या अंगाने पंख्याखाली बसलं की हुडहुडी भरते तसंच. आणि ही उष्णता किती असते बघ, १ लिटर पाणी १० डिग्रीने तापवायला साधारण ४२ किलोजूल लागतात, पण तेच १ लिटर उडून जायला जवळपास २४०० किलोजूल! म्हणूनच वीज केंद्रांचे ते अवाढव्य टॉवर सुद्धा याच तत्त्वावर चालतात.

आता माझा टॉवर कसा आहे ते सांगतो. सहा इंची पीव्हीसी पाइप, माझ्या छातीपर्यंत येईल एवढा उभा, खाली बादलीत ठेवलेला. बादलीच्या वर थोड्या अंतरावर पाइपला टी (T आकाराचा जोड) जोडलाय, त्याच्या आडव्या तोंडाला १२० एमएमचा फॅन, तो हवा आत ढकलतो आणि हवा वर चढत जाते. वरच्या टोकाला साध्या बाथरूमच्या शॉवरचं तोंड, त्यातून पाणी खाली पडतं. म्हणजे पाणी खाली येतंय आणि हवा वर जातेय, दोघं समोरासमोर. मधल्या भागात मी भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या सैलसर भरल्यात, त्यामुळे पाणी सरळ धपकन न पडता पातळ थराने झिरपत येतं आणि हवेला जास्त पृष्ठभाग मिळतो, पाइप नुसता रिकामा ठेवलास तर फायदा निम्मा पण होणार नाही. तारेच्या घासण्या अजिबात घालू नकोस, गंजतात. शॉवरच्या वर स्पंजसारख्या जाळीचा एक जाड थर ठेवलाय, कारण हवेबरोबर बारीक थेंब बाहेर उडतात आणि ते बाहेर येता कामा नयेत. फॅन किंचित वरच्या बाजूला तिरका धर आणि टीचं तोंड बाहेरच्या बाजूला चढतं ठेव, म्हणजे ओघळ मोटरकडे येणार नाही.

पंप फिश टँकचा चालतो पण घेताना बॉक्सवर लिहिलेली उंची बघ. त्या आकड्याला पंप फक्त पाणी चढवून धरतो, तिथे फ्लो शून्य असतो! दीड मीटर चढवायचं असेल तर तीन मीटरवाला घे. आणि पाणी किती जोरात फिरतंय याची फार चिंता करू नकोस, मिनिटाला ४ लिटर फिरत असलं आणि प्रोसेसर २०० वॉट उष्णता देत असला तरी ब्लॉकमधून (प्रोसेसरवर बसवतात तो ठोकळा, ज्यातून पाणी फिरतं) बाहेर पडताना पाणी एक डिग्रीनेही वाढत नाही, त्यामुळे सगळ्या नळ्यांमध्ये पाणी जवळपास सारखंच गार असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यासाठीच खरं तर हे पत्र. टॉवर किती गार करणार हे टॉवर ठरवत नाही, हवा ठरवते. दोन साधे थर्मामीटर घे, एकाच्या फुग्याला सुती कापडाची पट्टी गुंडाळ, पट्टीचं दुसरं टोक वाटीभर पाण्यात सोड आणि दोन्हींवर टेबल फॅन लाव. पाचदहा मिनिटांत ओल्या कापडाचा पारा खाली उतरून एका जागी थांबतो. तो आकडा म्हणजे तुझी हद्द, पाणी त्याच्या खाली जाणारच नाही, आणि चांगला टॉवर त्याच्या वर तीन ते पाच डिग्रीपर्यंतच पोचतो. इथे हवा अतिशय कोरडी आहे, ३२ डिग्रीला आर्द्रता ३० टक्के असली की ओलं कापड २० दाखवतं आणि माझ्या बादलीत पाणी २४ च्या आसपास स्थिरावतं. तेच ३२ डिग्रीला आर्द्रता ८० टक्के धर, ओलं कापड २९ दाखवेल, म्हणजे पाणी पुन्हा ३२-३३! मग एवढा खटाटोप करून मिळालं काय, तर साध्या रेडिएटरएवढंच. म्हणून पावसाळ्यात हे काम करत नाही आणि दमट हवेच्या ठिकाणी तर उन्हाळ्यातही नाही. दुपारी तुझा कॉम्प्युटर तापतो ना, मग दुपारचाच आकडा घे, सकाळचा नको.

यातूनच दुसरी गोष्ट येते. खिडकी बंद करून टॉवर चालवला तर उडालेलं पाणी त्याच खोलीत राहतं, आर्द्रता वाढत जाते, ओल्या कापडाचा आकडा वर सरकतो आणि कूलिंग हळूहळू बसतं. त्यामुळे खिडकी उघडी हवीच, टॉवर गॅलरीत ठेवला तर सगळ्यात उत्तम.

तुला भीती वाटेल की पाणी खोलीपेक्षा गार म्हणजे नळ्यांवर दव धरणार आणि मदरबोर्डवर टपकणार. नाही धरत. दव ज्या तापमानाला धरतं ते ओल्या कापडाच्या आकड्याच्या वर कधीच नसतं आणि आपलं पाणी त्या आकड्याच्या खाली जात नाही, त्यामुळे टॉवर आणि कॉम्प्युटर एकाच हवेत असले की नळ्या कोरड्याच राहतात. मला या सगळ्या प्रकारात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, बर्फ किंवा फ्रीजवाल्या कूलिंगमध्ये ही सोय नाही.

पाणी किती लागतं? २५० वॉट उष्णता काढायला हिशोबाने तासाला साधारण ३७० मिली. प्रत्यक्षात माझं जवळपास दुप्पट जातं, कारण आत येणारी गरम हवा पण टॉवर गार करतो आणि त्यालाही पाणी खर्ची पडतं. उडतं ते फक्त पाणी, क्षार मागे बादलीतच राहतात, नुसती भर घालत राहिलास तर पाणी जड होत जातं आणि घासण्यांवर पांढरा थर बसतो. शिवाय टॉवर हवेतली धूळ धुऊन घेतो, ती पण बादलीत! म्हणून हे पाणी सीपीयूच्या ब्लॉकमधून फिरवूच नये असं माझं ठाम मत आहे, ब्लॉकमधल्या तांब्याच्या झिरी केसाएवढ्या असतात. मी मध्ये प्लेटचा छोटा हीट एक्स्चेंजर लावलाय, त्यात दोन्हीकडचं पाणी न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला जाते, कॉम्प्युटरच्या बाजूला बंद लूप (पाण्याचा बंद फेरा), डिस्टिल्ड पाणी आणि वेगळा पंप, टॉवरच्या बाजूला बादलीचं पाणी. दोनेक डिग्री जातात पण ब्लॉक स्वच्छ राहतो. बंद लूपमध्ये तांब्याबरोबर अॅल्युमिनियमचा एकही भाग घेऊ नकोस, दोन धातू एका पाण्यात आले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं.

आता आजीचं. टॉवर आजीच्या खोलीत किंवा तिच्या खिडकीखाली अजिबात ठेवू नकोस. कोमट साचलेल्या पाण्यात, साधारण २० ते ४५ डिग्रीत, लेजिओनेला नावाचा जंतू वाढतो आणि बारीक तुषारांतून फुप्फुसात जातो. १९७६ साली फिलाडेल्फियात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची साथ आली, तेव्हा तो ओळखला गेला आणि नाव पण त्यावरूनच पडलं. वयस्कर माणसांना धोका जास्त. दर आठवड्याला बादली पूर्ण रिकामी करायची, बुळबुळीत थर घासून काढायचा, बादली झाकलेली आणि गडद रंगाची ठेवायची म्हणजे शेवाळ धरत नाही. कॉम्प्युटर काही दिवस बंद राहणार असेल तर पाणी ओतून टॉवर सुकवून ठेवायचा. एवढं दर आठवड्याला होणार नसेल तर टॉवर नको, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

विजेचं तुला जास्त कळतं, तरी पंप आणि फॅन आरसीसीबीच्या (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) लाइनवरच घे, वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेव म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये न जाता खाली पडेल. लूप भरल्यावर कॉम्प्युटर बंद ठेवून नुसता पंप २४ तास चालव, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेव, ओला दिसला तर क्लिप परत आवळ.

आठवडाभर दुपारी दोन्ही थर्मामीटरचे आकडे लिहून मला पाठव. ओलं कापड २३-२४ च्या खाली राहत असेल तर पाइप आण, मी हीट एक्स्चेंजर कुठला घ्यायचा ते बघून सांगतो. २७ च्या वर जात असेल तर सरळ मोठा रेडिएटर घेऊ, त्याचं माप पण काढून देतो, फक्त तुझ्या कॅबिनेटचा आतून एक फोटो लागेल.

आई-बाबांना आणि आजीला नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा