डोकी मोजा, चेहरे कशाला?

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

साहेब, गेल्या महिन्यात वडिलांच्या अस्थी घेऊन नाशिकच्या रामकुंडावर गेलो होतो. घर पंचवटीतच, त्यामुळे घाटाची पायरी न् पायरी पाठ. आई ओलेत्याने वर आली. मावशी आणि बहिणीने तिच्याभोवती साडीचा आडोसा धरला. तेवढ्यात मावशी ओरडली, "अगं, वरून झाका!" समोरच्या खांबावर कॅमेरा होता. आडोसा चारी बाजूंनी धरायची आपली रीत. वरून बघणारं आजवर देव सोडून कोणी नव्हतं.

कॅमेरेच नकोत असं मी म्हणत नाही. 27 ऑगस्ट 2003 ची सिंहस्थ कुंभमेळ्यातली चेंगराचेंगरी नाशिककर विसरलेले नाहीत. 39 माणसं गेली. येत्या सिंहस्थात कुठल्या गल्लीत गर्दी तुंबतेय, हे पोलिसांना वेळेत कळलंच पाहिजे. पण त्यासाठी डोकी मोजली की भागतं. कुठलं डोकं कोणाचं, हे कशाला हवं?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, रास्त कारण हवं आणि तेही गरजेपुरतंच. पुढे 2023 मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा आला, तर त्याच्या 17 व्या कलमात केंद्राला हव्या त्या सरकारी यंत्रणेला सूट द्यायची सोय! म्हणजे किराणा दुकानदाराने माझा नंबर घेतला तर त्याने माझी संमती घ्यायची. खांबाने चेहरा घेतला तर?

चित्रण किती दिवस ठेवतात, कोण बघतं, हे विचारायला एका कार्यालयात गेलो. या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरवल्यावर शेवटी एकाने विचारलं, "तुमचं काही चोरीला गेलंय का?" मी काय सांगणार?

तेव्हा विनंती एवढीच. रामकुंड ते तपोवनातले कॅमेरे चेहरे ओळखणार की नाही, चित्रण कधी पुसणार आणि मेळा आटोपल्यावर यातले किती खांब उतरवणार, हे सिंहस्थाआधी लेखी जाहीर करा. साधुग्रामचे तंबू उतरतात, खांब मात्र तसेच राहायचे असं नको.

आणि बायका कपडे बदलतात त्या पायऱ्यांकडे तोंड केलेला तो कॅमेरा आधी वळवून घ्या. त्याला टेंडर काढावं लागत नाही.

आपला,
पंचवटीतला एक रहिवासी