घंटी ऐकू आली, पण सरकायचे कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तीस वर्षे मी पुण्यात रोज सायकल चालवतो. गेल्या महिन्यात सातारा रस्त्यावर, पद्मावतीच्या अलीकडे, सायकल ट्रॅकवर माझ्या हँडलचा धक्का लागून एक आजी पडल्या. हातात भाजीची पिशवी होती. कोपर खरचटण्यावर निभावले. पण पंचाहत्तरीत असे पडणे म्हणजे खुबा मोडण्याची भीती, आणि ते दुखणे मी घरात पाहिले आहे. त्यांना उठवून कट्ट्यावर बसवले, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "घंटी ऐकू आली हो, पण कुठल्या बाजूला सरकायचं तेच कळेना."

मी काही जोरात नव्हतो, ताशी पंधरा किलोमीटर असेन. पण म्हणजे सेकंदाला चार मीटरहून जास्त! पाच मीटरवर येऊन घंटी वाजवली तर पुढच्या माणसाच्या हाती जेमतेम एक सेकंद उरतो. तेवढ्यात त्याने ऐकायचे, वळून बघायचे, बाजू ठरवायची आणि सरकायचे. मग दचकून तो नेमका आपल्याच वाटेत येतो. आता मी लांबूनच एकदा घंटी वाजवतो, वेग चालण्याइतका उतरवतो आणि "आजी, उजवीकडून येतोय" असे तोंडाने सांगतो. तरी वाट मिळाली नाही तर पाय टेकून थांबतो. सकाळी गटाने निघणाऱ्या तरुण सायकलस्वारांना कळकळीची विनंती आहे की, ट्रॅकवर माणसे चालत असतील तिथे वेगाचा सराव करू नका. धडक बसली तर जास्त लागते ते चालणाऱ्याला.

आजी मुळात ट्रॅकवर का आल्या, हेही सांगायला हवे. शेजारच्या फुटपाथवर लावलेल्या दुचाकी, मध्येच विजेची डीपी (वीजपुरवठ्याची पेटी) आणि पुढे उखडलेले ब्लॉक होते. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या निकषाप्रमाणे फुटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोरून जातील एवढी. तिथे एक पिशवीही सरळ नेता येत नाही. मग चालणारा ट्रॅकवर येतो, ट्रॅक तुटला की सायकलवाला रस्त्यावर जातो, आणि दोघे एकमेकांवर चिडतात.

महापालिकेचे पादचारी धोरण २०१६ चे, सायकल आराखडा २०१७ चा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तेव्हा नवे ट्रॅक आखण्याआधी जुन्या ट्रॅकलगतचा फुटपाथ मोकळा करावा. दोन्हींच्या उंचीत थोडा फरक ठेवावा, नुसता रंगाचा पट्टा वर्षभरात पुसला जातो. गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक खाली न उतरवता त्याच पातळीवर पलीकडे न्यावा, म्हणजे वळणाऱ्या गाड्यांना वेग कमी करावाच लागेल. आणि कोंडी झाली की ट्रॅकवर घुसणाऱ्या दुचाकींवर रोज कारवाई व्हावी. मोटार वाहनांना तिथे मनाई आहेच.

परवा त्या आजी पुन्हा दिसल्या, ट्रॅकवरच. मी उतरून सायकल हातात धरली आणि गल्लीपर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेलो. तेवढ्या वाटेत दोन दुचाकी आम्हाला घासून पुढे गेल्या.

आपला,
एक सायकलस्वार वाचक,
सहकारनगर, पुणे