जाहिरातींतल्या आईवडिलांना मत का नसते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मालिकांमधली भांडणे, सासवा-सुनांचे डावपेच आणि त्यांचा घरावर होणारा परिणाम यांविषयीची पत्रे आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून वाचायला मिळतात. त्या मालिकांच्या मध्ये येणाऱ्या जाहिरातींकडे मात्र आपण वाचक फारसे लक्ष देत नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांनुसार वाहिनीला तासाला जास्तीत जास्त 12 मिनिटे जाहिराती दाखवता येतात. म्हणजे संध्याकाळी दोन तास दूरचित्रवाणी संच चालू असलेल्या घरात चोवीस मिनिटांपर्यंत जाहिराती पाहिल्या जातात, आणि मालिकेचा भाग एकदाच होत असला तरी जाहिरात तीच ती, आठवडेच्या आठवडे, लहान मुलांना शब्दन् शब्द पाठ होईपर्यंत चालू राहते. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांचे जे चित्र या जाहिराती रंगवतात, त्याविषयी मला सविस्तर लिहावेसे वाटते.

आईवडील आणि आजी-आजोबा जाहिरातींत भरपूर दिसतात. दिसत नाही ते एवढेच, की त्यांनी काही म्हटले आणि त्यामुळे घरातली एखादी गोष्ट ठरली. एका प्रकारच्या जाहिरातींत वडील हास्यास्पद असतात. त्यांना नवा मोबाइल कळत नाही, बँकेचे ॲप उघडता येत नाही, ते चुकीचा पंखा किंवा चुकीचा रंग निवडतात आणि दहा वर्षांचा मुलगा त्यांच्या हातातून वस्तू काढून घेऊन त्यांना शहाणपण शिकवतो. दुसऱ्या प्रकारच्या जाहिराती याच्या अगदी उलट, भाविक वाटाव्यात अशा असतात. दिवाळीला दूरच्या शहरातून मुलगा येतो, आईच्या पाया पडतो, खोके उघडले जाते, आईचे डोळे भरून येतात आणि कंपनीचे नाव पडद्यावर झळकते. पहिल्या प्रकाराला आपण अनादर म्हणतो आणि दुसऱ्याला संस्कार. मला मात्र दोन्हींत एकच गोष्ट खटकते. तिथल्या आईला काय हवे होते, हे कोणी तिला विचारलेले नसते, आणि वडिलांनी ‘हे नको’ म्हटले असते तर काय झाले असते, याचा विचार ती जाहिरात लिहिणाऱ्याने केलेलाच नसतो.

ठाण्यात राहणाऱ्यांना याचे सर्वांत ठळक उदाहरण घरांच्या जाहिरातींत सापडेल. घोडबंदर रस्त्यावर मानपाड्यापासून कासारवडवलीच्या पुढेपर्यंत उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांच्या जाहिराती मराठी वृत्तवाहिन्यांवर सतत चालू असतात आणि त्यांचा साचा ठरलेला असतो. मुलगा आणि सून स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून हात फिरवतात, नातू पोहण्याच्या तलावाकडे धावतो, आणि आजी-आजोबा खालच्या बागेत बाकावर बसून हसतात. वास्तविक या शहरातल्या कितीतरी घरांच्या बुकिंगची पहिली रक्कम त्या बाकावर बसवलेल्या माणसांनीच उभी केलेली असते. वागळे इस्टेट ही औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत. तिथल्या कारखान्यांत ज्यांनी उमेदीची सगळी वर्षे काढली, त्यांच्या फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे मुलांच्या घरांत गेले आहेत. लालबाग-परळच्या किंवा नौपाड्यातल्या चाळीतली खोली विकून आलेली रक्कम थेट विकासकाच्या खात्यात भरल्याची उदाहरणे माझ्या ओळखीच्या अनेक कुटुंबांत आहेत. ज्यांनी आपला आधार मोडून घर उभे केले, त्यांना जाहिरातीने बागेतल्या शोभेपुरते ठेवावे, हे मला फार अन्यायाचे वाटते.

आणि घर पाहायला गेल्यावर खरे प्रश्न कोण विचारतो? मी नातेवाइकांबरोबर सँपल फ्लॅट पाहायला गेले आहे आणि दरवेळी पाहिले आहे की दिव्यांच्या झगमगाटात तरुण मंडळी फरशी आणि खिडक्या न्याहाळत असताना, पाणी दिवसातून किती वेळ येते, उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात का, वीज गेली तर लिफ्ट चालते का, आणि रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा तर घोडबंदर रस्त्याच्या कोंडीतून किती वेळ लागेल, हे सगळे विचारणारी माणसे साठीच्या पुढची असतात. त्यांनी आयुष्यभर नळाच्या वेळा सांभाळलेल्या असतात, आजारी माणसाला घेऊन जिने उतरलेले असतात. एखाद्या विकासकाने आपल्या जाहिरातीत आजोबांना हे प्रश्न विचारताना आणि मुलाला ते लक्षपूर्वक ऐकताना दाखवले, तर ती जाहिरात जास्त विश्वासार्ह वाटेल आणि घर घेणाऱ्यांच्या उपयोगीही पडेल, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

विमा आणि निवृत्तिवेतनाच्या योजनांच्या जाहिरातींविषयी थोडेच लिहिते. म्हातारपणी मुलांपुढे हात पसरावा लागू नये म्हणून आज पैसे साठवा, हा त्यांचा सल्ला व्यवहारात योग्यच आहे. पण तो देताना मुलाचे घर ही जणू भीती बाळगण्याची जागा आहे आणि आईवडिलांचा मान त्यांच्या खात्यातल्या शिलकीवर अवलंबून आहे, असे जे सुचवले जाते, ते घरातल्या लहान मुलांच्याही कानावर पडत असते, याचे भान ठेवायला हवे.

2019 मध्ये, प्रयागराजच्या कुंभमेळ्याच्या सुमारास, रेड लेबल चहाच्या एका जाहिरातीवरून मोठे वादळ उठले होते. म्हाताऱ्या वडिलांना मेळ्याच्या गर्दीत सोडून देण्याच्या विचाराने आलेला मुलगा पश्चात्ताप होऊन परत फिरतो आणि चहा पिताना दोघे पुन्हा एकत्र येतात, अशी तिची कथा होती. टीका झाली ती प्रामुख्याने कुंभमेळ्याचे आणि श्रद्धाळूंचे चित्रण चुकीचे आहे म्हणून, आणि ती भावना मी समजू शकते. पण त्या वादात वडिलांविषयी फारसे कोणी बोलले नाही. ज्याला पोटच्या मुलाने टाकून दिले होते, त्या माणसाला त्या कथेत रागवण्याचीही मुभा नव्हती. मुलगा परत आला की वडिलांनी लगेच समाधानी दिसायचे होते. आपल्या देशात हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007 याच्या कलम 24 नुसार, ज्याच्यावर ज्येष्ठ नागरिकाच्या सांभाळाची जबाबदारी आहे त्याने त्यांना कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कुठे सोडले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याच कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करून आईवडिलांना दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो, आणि सांभाळ करण्याच्या अटीवर मुलाच्या नावे केलेले घर, ती अट न पाळल्यास, कलम 23 च्या आधारे परतही मिळवता येते. कायद्याने आईवडिलांना दाद मागणारी, हक्क सांगणारी माणसे मानले आहे. जाहिरातींनी त्यांना अजून तेवढेही मानलेले नाही.

आईवडिलांना नेहमी बरोबर, नेहमी थोर दाखवावे, असे माझे म्हणणे अजिबात नाही. एरिअलची 2016 मधली जाहिरात अनेकांना आठवत असेल. मुलीच्या घरी आलेले वडील पाहतात की ती कचेरीतून येऊन एकीकडे फोनवर कामाचे बोलते आहे, दुसरीकडे मुलाचे आणि स्वयंपाकाचे पाहते आहे, आणि जावई बसून आहेत. आपणही आयुष्यभर तिच्या आईला कधी मदत केली नाही, हे त्यांच्या लक्षात येते. ते मुलीला पत्र लिहून तिची माफी मागतात आणि आपल्या घरी परतल्यावर कपडे धुण्याच्या कामाला स्वतः हात लावतात. यात वडिलांची चूक उघडपणे दाखवली आहे, तरीही त्यांचा अवमान कुठेच होत नाही, कारण विचार त्यांनी केला आहे आणि बदलायचे त्यांनी स्वतः ठरवले आहे. त्याच्याही फार आधी, 1980 च्या दशकात, जाहिरातकार अलेक पदमसी यांनी सर्फसाठी घडवलेल्या आणि कविता चौधरी यांनी साकारलेल्या ललिताजी आठवाव्यात. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो, हे ठणकावून सांगणारी ती आई होती; पैसा कुठे खर्च करायचा हे तिला नेमके कळत होते आणि पाहणाऱ्यांना तिचे पटत होते. अलीकडच्या काळात रिझर्व्ह बँकेच्या जनजागृतीच्या जाहिरातींत अमिताभ बच्चन ग्राहकांना फसवणुकीपासून सावध करतात, तेव्हाही वयस्कर माणूस जाणकार म्हणूनच समोर येतो. डिजिटल व्यवहार म्हटले की आजोबांना गोंधळलेले दाखवलेच पाहिजे, असा काही नियम नाही, हे त्यावरून दिसते.

मी ठाण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षिका होते. स्नेहसंमेलनासाठी मुले स्वतः छोटी नाटुकली लिहून बसवत आणि ती पाहताना माझ्या मनात नेहमी कालवाकालव होत असे. त्यातले आजोबा हमखास डोळ्यांवरचाच चष्मा शोधणारे किंवा फोन उलटा धरणारे असत, आई सतत डबा घेऊन मागे धावणारी असे आणि वडिलांना मुलगा सर्वांसमोर गप्प करत असे. त्याच मुलांच्या घरचे खरे आजोबा मी पाहिलेले होते. कोणी सोसायटीचे हिशेब चोख ठेवणारे होते, कोणी रोज नातवंडांना शाळेत पोहोचवून त्यांचा अभ्यास घेणारे होते. मुलांनी नाटुकल्यात आपले आजोबा न घेता पडद्यावरचे आजोबा घेतले होते. त्यात मुलांचा दोष नव्हता, कारण कुटुंबात विनोद कशाला म्हणायचा हे त्यांना रोज संध्याकाळी तिथूनच शिकवले जात होते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये जाहिरातींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, त्यांत मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. मुलांच्या अननुभवाचा आणि भोळेपणाचा फायदा घेऊ नये, आणि अमुक वस्तू घ्यायला आईवडिलांना भाग पाडा असे मुलांना थेट सांगू नये, अशी अपेक्षा त्यांत आहे. मुलाने आईला टोमणा मारून किंवा वडिलांना मित्रांसमोर खजील करून वस्तू मिळवल्याची दृश्ये याच अपेक्षेच्या कसोटीवर तपासली जायला हवीत.

वयाच्या बाबतीत नियम नाही, असा अनेकांचा समज असतो, तो बरोबर नाही. 1985 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या आणि ‘आस्की’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या आचारसंहितेत, वंश, जात, लिंग यांच्या जोडीने वयावरूनही कोणाची टवाळी करणारी जाहिरात असू नये, असे 2022 पासून स्पष्टपणे नमूद आहे. ही संस्था जाहिरात व्यवसायाची स्वनियमनाची संस्था आहे हे खरे. परंतु तिच्या संहितेचा भंग करणारी जाहिरात केबल सेवेवर दाखवू नये, असे केबल नियमांतील नियम 7 मध्ये 2006 पासून लिहिलेले आहे, त्यामुळे दूरचित्रवाणीपुरते या संहितेला कायद्याचे बळ आहे. सामान्य प्रेक्षकाला ‘आस्की’कडे विनामूल्य तक्रार करता येते. त्याशिवाय केबल नियमांत 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार वाहिनीकडेच थेट तक्रार नोंदवता येते. तिची पोच 24 तासांत आणि तिच्यावरचा निर्णय 15 दिवसांत देणे वाहिनीवर बंधनकारक आहे, आणि त्या निर्णयाने समाधान न झाल्यास वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे जाता येते. तक्रार करताना उत्पादनाचे नाव, वाहिनी, तारीख, वेळ आणि नेमके कोणते वाक्य किंवा दृश्य आक्षेपार्ह वाटले, एवढे लिहिले तर ती हाताळणाऱ्यांना जाहिरात ओळखणे सोपे जाते.

डोळ्यांत पाणी आणून भेटवस्तू खपवणाऱ्या जाहिराती मात्र या कोणत्याही नियमात बसणार नाहीत, आणि बसाव्यात असे मला वाटतही नाही. तिथे जाहिरात करणाऱ्या कंपनीलाच ग्राहकांनी लिहायला हवे. साठी-सत्तरीतली माणसे आज स्वतःच्या निवृत्तिवेतनातून स्वतःच्या वस्तू घेतात, हे कंपन्यांना ठाऊक असणारच. ते त्यांच्या जाहिरातींतही दिसावे, इतकीच त्या पत्रांतली मागणी असेल.

आपल्याला दोन विनंत्या करते. तक्रार कुठे आणि कशी करावी याची माहिती, पत्त्यांसह, आपल्या ठाणे पुरवणीत दर महिन्याला एका चौकटीत छापावी. ज्येष्ठ वाचकांपैकी अनेकजण संगणकावर शोधाशोध करण्यापेक्षा वृत्तपत्रातले कात्रण जपून ठेवतात. आणि मासुंदा तलाव, कचराळी तलाव, उपवन या परिसरांत रोज सकाळ-संध्याकाळ भरणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यांवर आपला प्रतिनिधी पाठवून, जाहिरातींतली कोणती दृश्ये त्यांना खुपतात आणि कोणती आवडतात, हे त्यांच्याच शब्दांत प्रसिद्ध करावे. आपण ते छापलेत, तर मी आणि माझ्या शाळेतल्या निवृत्त सहकारी शिक्षिका मिळून त्यातल्या तक्रारी नियमानुसार लिहून काढण्याचे आणि संबंधितांकडे पाठवण्याचे काम आनंदाने करू.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
नौपाडा, ठाणे (पश्चिम)