टॉम केटल यांना सरकारधार्जिणे कसे म्हणायचे?

संपादक महोदय,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला आयर्लंडच्या १९१६च्या ब्रिटिशविरोधी उठावावरचा लेख वाचला. २८ एप्रिलला बेळगावात लोकमान्यांची होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा तिकडे डब्लिन पेटलेले होते, हा योग लेखकाने नेमका टिपला आहे. पण ब्रिटिश सैन्यात गेलेल्या आयरिश होमरूलवाल्यांना, म्हणजे साम्राज्यात राहून स्वराज्य मागणाऱ्यांना, त्यांनी एका वाक्यात ‘सरकारधार्जिणे’ ठरवले, ते मनाला फार लागले.

त्यांच्यातल्याच टॉम केटल यांचे पाहा. १९०५ मध्ये बॅरिस्टर झाले, पण कोर्टात रमले नाहीत. पुढच्याच वर्षी ईस्ट टायरोनची पोटनिवडणूक अवघ्या १८ मतांनी जिंकून पार्लमेंटात गेले. पुढे डब्लिनला अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९१४च्या उन्हाळ्यात ते बेल्जियममध्ये होते, ते ‘आयरिश स्वयंसेवक’ या राष्ट्रवादी सशस्त्र दलासाठी बंदुका खरेदी करायला! तिथेच महायुद्धाने गाठले. जर्मन फौजांनी त्या एवढ्याशा देशाची केलेली दैना पाहून हा माणूस सैन्यात शिरला.

उठावाच्या त्याच आठवड्यात त्यांचे साडू फ्रान्सिस शीही-स्केफिंग्टन यांना एका ब्रिटिश कॅप्टनने चौकशीविना गोळ्या घालायला लावल्या. ते कट्टर शांततावादी, लूटमार थांबवायला रस्त्यावर उतरले होते. घरच्या माणसाचा असा जीव घेणाऱ्या सैन्याचाच गणवेश केटल यांच्या अंगावर होता. उठाववाले हुतात्मे ठरतील, आपण मात्र ब्रिटिश अधिकारीच राहू, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरी ते आघाडीवर गेले आणि ९ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत गिंची गावापाशी, छत्तिसाव्या वर्षी, मारले गेले. पाचच दिवस आधी त्यांनी तीन वर्षांच्या लेकीसाठी कविता लिहिली होती. आम्ही झेंड्यासाठी, राजासाठी की सम्राटासाठी मेलो नाही, गुराख्याच्या गोठ्यात जन्मलेल्या एका स्वप्नासाठी मेलो, असे तीत आहे. सरकारधार्जिणा माणूस असे लिहील का?

सैन्यभरतीला लोकमान्यांचाही सरसकट विरोध नव्हता. हिंदी तरुणांना अधिकारपदे द्या, ही त्यांची मागणी होती. त्यांना आपण कधी सरकारधार्जिणे म्हटले नाही.

केटल यांचा अर्धपुतळा डब्लिनच्या बागेत बसायला १९३७ साल उजाडले. त्यांच्याच देशाला इतका वेळ लागला, हे खरे. पण आपल्या लेखकांनी पुढच्या भागात त्यांच्यावर चार परिच्छेद तरी लिहावेत, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा