चार इयत्ता, एक बाई आणि आमचं टाचण

महोदय,

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्राथमिक शिक्षक व्हायला बी.एड. चालणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला, तेव्हापासून घरचेही आमच्या पदविकेकडे जरा आदराने बघू लागलेत. पण ही पदविका आम्हाला नक्की कुठल्या वर्गासाठी तयार करते?

सराव पाठाला एक इयत्ता, एक घटक, एक तास. टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, उद्दिष्टं, अध्ययन निष्पत्ती, फलकलेखन, सगळं पट्टीने आखलेलं. (समास चुकला तर गुण जातात, मूल चुकलं तर नाही.) प्रत्यक्षात मला मिळालेल्या सरकारी मराठी शाळेत पहिली ते चौथी एकाच खोलीत, आणि बाई एकच. बाईंनी चौथीला फळ्यावर भागाकार दिला, दुसरीला चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करायला बसवलं. तिसरीतली एक मुलगी पहिलीच्या पोराचा हात धरून 'ग' गिरवून घेत होती, त्याला कोंकणीतून दटावत. तेवढ्यात मुलांच्या माध्यान्ह आहाराची, बचतगटाची पावभाजी आली, बाई सही करायला बाहेर गेल्या. वर्ग चालूच!

बहुवर्ग अध्यापन, म्हणजे असं एकाच वेळी अनेक इयत्तांना शिकवणं, आम्ही पाठ करतो, परीक्षेत टीप लिहितो आणि मोकळे होतो. निदान एक परीक्षा पाठ तरी अशा खोलीत घ्यावा, आणि गुण द्यायला त्या शाळेतल्या बाईंनाच बसवावं.

– एक छात्राध्यापिका, वाळपई