काकूंचे कागद

पुणे

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हवालदारकाका गेल्याचं दादानं कळवलं, पण फोनवर मला बोलता आलं नाही. म्हणून लिहितेय.

येळ्ळुरात त्यांना नावानं कुणी हाक मारली नाही. गिरण घातली तरी ते हवालदारच राहिले. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण. डिसेंबर १९७१ मध्ये ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरला वेढा घालणाऱ्यांत ते होते. 'शरण या' या चिठ्ठीला पाकिस्तानी कर्नलनं उत्तर धाडलं, त्यात बंदुकीची गोळी गुंडाळलेली, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. पुढं वाचलं, तेव्हा कळलं की काकांनी पदरचं काहीच घातलं नव्हतं. ११ डिसेंबरला ठाणं पडलं. कोण कोण परत आलं नाही असं विचारलं, की ते गिरणीचा पट्टा चढवायला उठायचे.

माझ्या मनात मात्र त्यांची गिरणच जास्त आहे. जोंधळ्यावर त्यांनी कधी गहू घातला नाही. दगडांना टाकी स्वतः घालायचे. सीमाप्रश्नावरून बाहेर कितीही तापलेलं असो, कानडी बोलणाऱ्या बाईची दळपाची बुट्टी रांगेतून कधी मागं सरली नाही. याचा मला फार अभिमान वाटतो.

आणि नोव्हेंबर! हयातीच्या दाखल्यासाठी आसपासचे माजी सैनिक, त्यांच्या विधवा, सगळे गिरणीत. 'स्पर्श', ती सैन्याच्या पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था, आल्यावर या माणसानं सत्तरीत मोबाईल शिकून घेतला, तो दुसऱ्यांच्या पेन्शनसाठी.

आता काकूंचे कागद बाबा, तुम्ही हातात घ्या. मृत्यूच्या दाखल्याच्या जास्त प्रती काढा. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, ट्रंकेत असेल. पीपीओवरचं काकूंचं नाव आधारशी जुळतं का ते आधी पाहा. बायकांची पेन्शन तिथंच अडते, असं काका नेहमी सांगायचे. मृत्यू 'स्पर्श'वर कळवायलाच हवा. तोवर खात्यावर काकांची पेन्शन जमा झाली तर काढू नका म्हणावं, ती परत घेतात.

आई, तू रात्री काकूंकडं झोपायला जातेस हे फार बरं केलंस. त्यांना जेवायला बसवत जा, एकट्या जेवणार नाहीत.

मी शनिवारी येतेय. बेळगावच्या सैनिक कल्याण कार्यालयात जायला सोमवार मोकळा ठेवा.

तुमची,
सुमी